रेडिओवर त्यानं विचारलं

आवाज मी आधी ओळखला. माणूस नंतर पाहिला.

लाँच चुकाओच्या धक्क्यावरून निघून नुकतीच मेनेंदेस तलावात शिरली होती. मी नेहमीच्या जागी, पुढच्या काचेला पाठ लावून उभी होते आणि प्रवाशांना हिमनदी कुठून दिसेल ते सांगत होते. जानेवारी होता, म्हणजे आमच्या दक्षिणेकडचा ऐन उन्हाळा, तरी बारीक भुरभुर चालूच होती. ओल्या टोप्या, झाकलेले कॅमेरे, खोकणारी मुलं... सगळं रोजच्यासारखं. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,

"सुलेमाबाईंचं घर यातलं कुठलं?"

आणि माझं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

कारण हा आवाज रोज आमच्या घरी जेवायला असायचा. आमच्याच कशाला, तळ्याकाठच्या प्रत्येक घरी असायचा. तेव्हा आमच्याकडे टेलिफोन नव्हते, तळ्याच्या पलीकडे तर रस्ताही नव्हता. दुपारी सूप वाढलं की आई रेडिओ मोठा करायची आणि एस्केल शहरातल्या केंद्रावरून रानातल्या लोकांसाठी निरोप सुरू व्हायचे. अमकीचं बाळंतपण सुखरूप झालं. तमक्याचा भाऊ गुरुवारी येतोय, नदीच्या उताराशी घोडा पाठवा. मेंढ्यांचं औषध आलंय, दुकानातून घेऊन जा. निरोप चालू असताना आमच्याकडे चमचा वाजवायचीही बंदी होती. आता टॉवर आलाय, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आणि दुपारी जेवताना कुणी कुणाचं ऐकत नाही. असो.

तर गेलं वर्षभर हे सगळं सांगणारा तो आवाज... भरदार, संथ, शेवटच्या शब्दावर किंचित रेंगाळणारा. मी मनात त्याला चेहराही देऊन टाकला होता. पन्नाशीचा, मिशीवाला, पोट सुटलेला.

मागच्या बाकावर बसला होता एक काडीपैलवान. पंचविशीचा असेल नसेल. कान मोठे, चष्म्यावर पावसाचे थेंब, मिशीचा पत्ता नाही.

लाँच चालवणाऱ्या माझ्या बाबांनी सुकाणू सोडून अख्खी मान वळवली. त्यांना सगळे कप्तान म्हणायचे, मीसुद्धा. "अगं निदिया," ते कुजबुजले, "हा तर रेडिओ!"

"तुम्ही... रेडिओ?" मी मूर्खासारखं विचारलं.

"हो. म्हणजे नाही... रेडिओवर बोलतो. रेडिओ नाहीये मी." तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "एल्वियो. एल्वियो बेर्तुसी."

मला हसू आवरेना. रेडिओवर मरणाची बातमीसुद्धा न अडखळता सांगणारा हा माणूस स्वतःचं नाव सांगताना दोनदा ठेचकाळत होता.

"आणि सुलेमाबाईंकडे काय काम काढलंत?"

"काम नाही. मी रोसारिओचा. इथल्या निवेदकांचं ऑपरेशन झालं, म्हणून वर्षभरासाठी आलो. रोज ही नावं वाचतो... सुलेमाबाई, चुकाओचा धक्का, वेर्दे तळ्याचा उतार. पण यातलं एकही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझ्या खिडकीतून पेट्रोल पंप दिसतो. आज सुट्टी होती. म्हटलं, जाऊन बघावं... खरंच आहेत का."

"आणि नसते तर?"

"तर मग वर्षभर मी कुणाशी बोलत होतो?" तो म्हणाला. अगदी साधेपणानं म्हणाला, आणि चष्मा काढून पुसायला लागला.

चष्म्याशिवायचे त्याचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. फार वेळ पाहिले असावेत.

मी त्याला किनारा दाखवला. कोईग्वेच्या झाडीत लाल पत्र्याचं छप्पर आणि त्यातून निघणारा धूर. "ते सुलेमाबाईंचं."

"त्यांचं पीठ पोचलं का हो? हिवाळ्यात किती वेळा वाचला तो निरोप. पोती निघाली, पोती अडकली..."

"पोचलं. पण भिजून पोचलं. अजून शिव्या घालतात."

"कुणाला?"

"तुम्हालाच! येतंय येतंय म्हणून कोण सांगत होतं?"

तो हसला. असा हसला की पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं. "मुली," त्या म्हणाल्या, "ती हिमनदी म्हणत होतीस, तिचं काय झालं?"

हिमनदी केव्हाच मागे पडली होती.

पलीकडच्या धक्क्यावर उतरून अलेर्सेच्या जुन्या झाडांकडे चालत जावं लागतं. त्या दिवशी रान ठिबकत होतं. नेचे ओले, पायाखालची माती मऊ, वर फांद्यांतून पांढुरका उजेड. मी घोळक्याला पुढे काढून मागून चालले होते. तो माझ्या थोडा पुढे. अचानक डाव्या बाजूनं, अगदी जवळून चुकाओ ओरडला, आमच्या धक्क्याला ज्याचं नाव आहे तोच.

मी जागच्या जागी थांबले.

"काय झालं?" तो मागे आला.

"पक्षी. उजवीकडून ओरडला तर वाट सुखाची. डावीकडून ओरडला तर... आमच्याकडे परत फिरतात."

"मग? फिरणार?"

"कशी फिरणार? माणसं आहेत पुढे. पण पाऊल उचलवत नाही."

त्यानं थोडा विचार केला. मग, ओल्या रंगाला हात लावावा तसा, दोन दोन बोटांनी माझे खांदे धरले आणि मला अलगद उलटं वळवलं. चुकाओ पुन्हा ओरडला. आता तो माझ्या उजवीकडे होता.

"झालं," तो म्हणाला. "सुखाची वाट."

"अहो पण मी चालू कशी? उलटी?"

"मी आहे ना... तुमच्या मागचं मला दिसतंय."

आणि खरोखर, मी त्या पायवाटेवरून उलटी चालत गेले. तो समोर, माझ्याकडे तोंड करून, त्या रेडिओच्या आवाजात सांगत होता. "मूळ आहे, पाय उचला. आता थोडं डावीकडे. फांदी... खाली वाका." एवढं नीट मला आयुष्यात कुणी सांभाळून नेलं नव्हतं. आणि एवढ्या वेळ कुणी टक लावून पाहिलंही नव्हतं.

"आणि तुमचं काय?" मी विचारलं. "तुमच्या तर अजून तो डावीकडेच ओरडतोय."

"मी रोसारिओचा. आमच्याकडे कबुतरं असतात. ती सगळीकडून ओरडतात."

त्यानंतर तो दर सोमवारी यायचा. सोमवार त्याच्या सुट्टीचा. आधी तिकीट काढून यायचा, मग कप्ताननं तिकीट घेणं सोडलं आणि त्याच्या हातात दोर द्यायला सुरुवात केली. मी त्याला आमची तळी दाखवली. सकाळचं वेर्दे तळं, ज्यात डोंगर उलटे उभे असतात. नदीकाठची आर्रायानची झाडं, दालचिनीच्या रंगाची. त्यांची साल कडक उन्हातही गार असते. त्यानं तळवा टेकवला आणि दचकून काढला. "गाल लावा," मी म्हटलं. त्यानं लावला. मग मीही पलीकडून लावला. मध्ये एवढंसं खोड... वारा आला, तळं खडबडीत झालं, आणि कप्ताननं भोंगा वाजवला. जरा जास्तच वाजवला.

आवाज बघायला काठाकाठावर माणसं येऊ लागली. एका सोमवारी सुलेमाबाईंनी कुंपणावर पांढरी चादर टाकली. ती दिसली की लाँच थांबवायची, असा आमचा रिवाज. आम्ही थांबलो. त्यांनी एल्वियोला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, त्याचा गाल चाचपला.

"एवढासाच?" त्या म्हणाल्या. "अरे, एवढ्या मोठ्या आवाजाला एवढंसं घर?"

आम्ही सगळे हसलो. मग त्यांनी त्याच्या हातात माते नावाचा आमचा पानांचा चहा दिला, कडू, वाफाळता, आणि हळूच म्हणाल्या, "माझा भाऊ गेला ते तूच सांगितलंस. आठवतं?"

"आठवतं, सेन्योरा."

"हळू सांगितलंस. घाई नाही केलीस. पी."

परतताना तो लाँचच्या मागच्या टोकाला एकटाच उभा होता. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"तो निरोप वाचायच्या आधी मी बाहेर जाऊन फेऱ्या मारून आलो होतो," तो म्हणाला. "तरी मला वाटायचं, समोर कुणी नाहीच. एक लोखंडाची जाळी आहे आणि मी आहे. निदिया... त्यांना खरंच ऐकू जात होतं."

"सगळ्यांना ऐकू जातं."

"तुलाही?"

'तुम्ही'वरून 'तू'वर तो कधी आला, ते मला त्या क्षणी कळलं. मी मान हलवली. एवढंच जमलं.

आता माझी एक खोड सांगायला हवी. दिवसभर मी बडबडत असे. झाडाचं वय, तळ्याची खोली, हिमनदीचं वागणं, विचाराल ते. पण मनातलं काही सांगायची वेळ आली की माझी दातखीळ बसायची. आणि तो? तो माइकसमोर राजा, माणसासमोर मुका. अशा दोघांची जोडी कुणी जमवली असेल ते असो, डोकं ठिकाणावर ठेवून नक्कीच जमवली नव्हती.

तरी रेडिओवर काहीतरी व्हायला लागलं होतं. निरोपांत मेनेंदेस तलावाचं नाव आलं की तो आवाज तिथं जरासा थांबायचा. अगदी जरासाच. पण आईच्या कानातून काही सुटत नसे.

"आज तुझ्या तळ्याला पार व्हायला फारच वेळ लागला गं," ती संध्याकाळी सूप ढवळत म्हणायची. मी बशीत तोंड घालायची.

मार्च आला. डोंगरावरची लेंगाची झाडं लालसर व्हायला लागली. एस्केलचे जुने निवेदक बरे झाले होते आणि कामावर परत येणार होते. एल्वियोला ब्वेनोस आइरेसच्या एका मोठ्या केंद्रानं बोलावलं होतं. त्याची इथली मुदत शनिवारी संपत होती. हे त्यानं मला शेवटच्या सोमवारी सांगितलं, दोर गुंडाळता गुंडाळता, दोराकडे बघत.

"चांगलं आहे," मी म्हणाले. आतून पार विरघळले होते, आणि म्हणाले काय, तर चांगलं आहे!

"हो. चांगलं आहे."

लाँच धक्क्याला लागली. माणसं उतरली. आम्ही दोघं उरलो. तो एक पाऊल पुढे आला.

"निदिया, मला—"

"काय?"

"तुझी... टोपी छान आहे."

"जपून जा," मी म्हणाले.

एस्केलची गाडी धूळ उडवत निघून गेली. ती धूळ बसेपर्यंत मी तिथंच उभी होते. कप्तान मागून आले आणि म्हणाले, "टोपी? वर्षभर बोलण्याचा पगार खाल्ला आणि शेवटी टोपी?"

बुधवारी आम्ही तळ्याच्या मध्यावर होतो. कप्तानच्या डोक्यावरच्या फळीवर छोटा रेडिओ असायचा. प्रवाशांना त्यातलं काही कळत नसे, ते डोंगर बघत. निरोप चालू होते. कुणाची गाय सापडली, कुणाचा दात काढला. मग तो थांबला. कागद चाळल्याचा आवाज आला नाही. नुसता श्वास ऐकू आला.

"मेनेंदेस तलावावरच्या लाँचवर असलेल्या निदिया कार्देनास हिच्यासाठी. पाठवणारा, एल्वियो. माझी मुदत शनिवारी संपते. मला जायचं नाही. तुझ्या मनात असेल तर मी इथंच राहतो. कळव."

आणि नेहमीसारखं दुसऱ्यांदा न वाचता लगेच पुढचा निरोप. मेंढ्यांच्या बाजाराचा.

माझ्या हातातली माते चहाची किटली वाकडी होऊन एका गृहस्थांच्या बुटात पाणी गेलं. कप्ताननं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. किनाऱ्यावर सुलेमाबाई घरातून बाहेर आल्या होत्या आणि पातेल्यावर डाव बडवत होत्या. बघता बघता दुसऱ्या घरातूनही तसाच आवाज यायला लागला. अख्ख्या खोऱ्यानं ऐकलं होतं. मला लाज वाटली, राग आला, आणि इतका आनंद झाला की मी हिमनदीकडे हात करून म्हणाले, "हे पाहा, हे झाड..."

संध्याकाळी कप्ताननं विचारलं, "काही पाठवायचं का त्याला?"

"कशाला?" मी चकित होऊन म्हणाले. "नाही म्हणायचंय का आपल्याला?"

"तेही खरं," ते म्हणाले.

कारण आमच्याकडे असंच होतं. शहरातून निरोप येतो, त्याच्या शेवटी शिष्टाचार म्हणून 'कळवा' असतं. पण कळवायचं म्हणजे घोड्यावर खोगीर घालून रस्त्यापर्यंत जायचं, जाणारी गाडी शोधायची, चिठ्ठी द्यायची. एवढी यातायात कोण करणार? जमणार नसेल, तोच करतो. घोडा घेऊन येशील का म्हणून विचारलं आणि उलट काही आलं नाही, म्हणजे घोडा उभा असणार. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. मग वर्षभर निरोपांखेरीज दुसरं काही न केलेल्या माणसाला हे माहीत नसेल, असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. आजही मी म्हणते, चूक त्याचीच होती.

तर आम्ही तयारीला लागलो. आईनं कोकरू निवडलं. सुलेमाबाईंनी चीज धाडलं आणि वर बजावलं की पीठ कोरडं आहे. चुकाओच्या चौकीवरचा रेंजर किन्ताना आपली गिटार दुरुस्त करून बसला. मी निळा स्वेटर धुऊन वाळत घातला आणि तीन दिवस स्वतःशीच हसत हिंडले. इतकी सुखी मी पुढेही फार थोड्या वेळा झाले असेन.

शनिवारी सकाळी प्रवाशांची गाडी आली. मी धक्क्यावर उभी. एकेक जण उतरला. शेवटी ड्रायव्हर उतरला.

"सामान आवरत असेल," कप्तान म्हणाले. "संध्याकाळी येईल."

आम्ही निघालो. पाणी अगदी शांत होतं. तळ्याच्या मध्यावर निरोपांची वेळ झाली, आणि रेडिओतून निघाला जुना, घसा बसलेला, म्हातारा आवाज. ते ठीकच होतं, मुदत संपली होती. पण पहिलाच निरोप त्यानं वाचला तो असा.

"सगळ्या खोऱ्यासाठी. पाठवणारा, एल्वियो बेर्तुसी. आज सकाळच्या बसनं मी उत्तरेला निघालो. उत्तर आलं नाही, त्यातच काय ते कळलं. माझा कुणावर राग नाही. वर्षभर ऐकलंत. आभार."

मी बाकावर बसले.

"कळलं?" मी म्हणाले. "काय कळलं याला?"

कप्ताननं इंजिन बंद केलं. लाँच नुसती तरंगत राहिली. "अरे देवा," ते म्हणाले. "त्याला माहीतच नाही गं. तो शहराचा. उत्तर आलं नाही म्हणजे तिकडे 'नाही' असतं."

तोपर्यंत प्रवासी कुरकुरायला लागले होते. बिघाड आहे का, झाडाकडे कधी पोचणार, आम्ही ब्वेनोस आइरेसहून आलोय. मला रडू फुटलं. अंगावर गणवेश, छातीवर नावाचा बिल्ला, आणि मी हुंदके देऊन रडत होते. पेर्ला नावाच्या एक जाडजूड बाई उठून माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "बोल बाळा. कोण मेला?"

"कुणी नाही," कप्तान म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. सुलेमाबाईंच्या पिठासकट.

मग पेर्लाबाई उभ्या राहिल्या. "ते झाड अडीच हजार वर्षं उभं आहे ना? आणखी एक दिवस उभं राहील. तो पोरगा राहणार नाही. फिरवा बोट!"

"पण आमचे फोटो—" एक गृहस्थ म्हणाले.

"फोटो कसले काढता? बसा खाली!"

कप्ताननं लाँच अशी वळवली की सगळे एकमेकांच्या अंगावर गेले. धक्क्याला लागायच्या आधीच मी उडी मारली. चौकीत वायरलेस होता, त्यावरून राष्ट्रीय उद्यानाचं एस्केलचं कार्यालय लागायचं आणि तिथं टेलिफोन होता. किन्ताना रेडिओ ऐकतच बसला होता. मला काही सांगावंच लागलं नाही, त्यानं आधीच कार्यालय लावून ठेवलं होतं.

"लवकर सांग. निरोप अजून चालू आहेत. काय म्हणायचं?"

मी तोंड उघडलं. काहीच निघेना.

"पोरी, बॅटरी जातेय!"

"सांग... सांग की आमच्याकडे उत्तर आलं नाही तर ठरलं असं धरतात. परत ये म्हणावं."

त्यानं सांगितलं. मग आम्ही वाट पाहत राहिलो. मी, कप्तान, धापा टाकत आलेल्या पेर्लाबाई, आणि त्यांच्या मागे अख्खी सहल. म्हातारा निवेदक बियाण्यांबद्दल काहीतरी वाचत होता. मग दार उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी कागद आणून दिला असावा. तो खाकरला.

"प्रवासात असलेल्या एल्वियोसाठी. पाठवणारी, निदिया. खोऱ्यात उत्तर आलं नाही तर ठरलं असं धरतात. परत ये." आणि मग त्यानं पदरचं घातलं, "बसच्या ड्रायव्हरसाहेबांनी ऐकलं असेल तर त्यांनी गाडी थांबवावी. आणि पोरा, वर्षभरात तुला हे कुणी सांगितलं नाही का रे?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही. बसमध्ये रेडिओ चालू होता की नव्हता, कुणाला ठाऊक? डोंगराच्या एखाद्या वळणामागे असेल तर आवाज पोचतच नाही. आणि पोचला, तरी एकदा पाठ फिरवलेला माणूस परत येतोच असं नाही. मी उत्तरेच्या चोलिलाच्या रस्त्याकडे तोंड करून, नदी ओलांडून धक्क्याकडे येणाऱ्या झुलत्या पुलाच्या टोकाशी जाऊन बसले.

दुपार कलली. पाऊस आला, गेला. प्रवाशांच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, पण पेर्लाबाईंनी कुणाला गाडीत चढू दिलं नाही. आई कोकरू घेऊन आली. मासे, चीज, पाव बाहेर निघाले. लोक माझ्याकडे बघणं टाळत होते, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

ऊन डोंगरावर चढलं तेव्हा फळ्यांनी लादलेला एक ट्रक खडखडत आला आणि थांबला. फळ्यांवरून आधी एक सूटकेस खाली आली. मागोमाग तो. केसांत भुसा, चष्मा कपाळावर, आणि चेहरा रागानं लाल.

"तू उत्तर का नाही दिलंस?" तो तिथूनच ओरडला.

"दिलं होतं!"

"कधी?"

"नाही दिलं म्हणजेच दिलं!"

"हे असं कुठं असतं का गं?"

"इथं असतं! वर्षभर काय करत होतास? रोज वाचत होतास ना? कुणी कधी उलट कळवलं का तुला, घोडा आणतो म्हणून?"

तो थांबला. त्यानं आठवून पाहिलं असावं. राग हळूहळू उतरला. "नाही," तो म्हणाला. "मला वाटायचं, लोक जरा उद्धट आहेत."

किन्ताना मोठ्यानं हसला. पेर्लाबाईंनी त्याला गप्प केलं.

एल्वियो पूल ओलांडून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पूल अजून डोलत होता. "एपुयेन गावच्या खाणावळीत बस थांबली होती," तो आता हळू बोलत होता. "सूप समोर आलं होतं. आणि माझं नाव ऐकू आलं. निदिया, मी वर्षभर दुसऱ्यांची नावं वाचली. माझ्यासाठी कधी काही आलंच नव्हतं. मी नुसता बसून राहिलो. शेवटी ड्रायव्हरच आला, माझी सूटकेस खाली ठेवली आणि म्हणाला, उठ."

"मग... आलास तर."

"आलो. पण तुझ्या निरोपात नियम होता. नियम तुमच्या खोऱ्याचा झाला, तो कळला मला. तुझं काय?"

पुन्हा तेच. दातखीळ. मागे आई, कप्तान, सगळी सहल. नदी वाहत होती. त्याच्या चष्म्याची एक काच तडकली होती, आणि तिच्यामागचा डोळा माझ्याकडे पाहत होता, थकलेला, घाबरलेला. मला एकदम जाणवलं की या माणसाला खरंच माहीत नाही. माझ्या मनात इतकं आहे, आणि त्याला त्यातलं अक्षरही माहीत नाही. मी सांगितल्याशिवाय कळणारही नाही.

"मला तू हवा आहेस," मी म्हणाले. "इथं. नुसता सोमवारी नाही... रोज. तू गेलास असं ऐकलं तेव्हा माझं सगळं संपलं होतं. प्रेम आहे माझं तुझ्यावर, एल्वियो. राहा."

त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग कुठूनसा तो आवाज परत आला... भरदार, संथ, अगदी दुपारचा.

"केंद्रावर प्रत्येक निरोप दोनदा वाचतात," तो म्हणाला. "वाऱ्यात एखादा शब्द उडून गेला असेल तर म्हणून."

"एकही उडालेला नाही."

"तरी."

मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि या खेपेला सुलेमाबाईंपर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं.